शिमग्याचे टायर

खोली बघायला गेले तेव्हा अक्कांनी खोली दाखवायच्या आधी माझा दंड अंगठ्यानं दाबून बघितला. मग मला उजेडाकडं तोंड करून उभं केलं आणि विचारलं, "वय किती?"

"एकोणतीस."

"दिसत न्हाय," त्या म्हणाल्या. जास्त दिसतं की कमी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. खोली मला मिळाली.

गंगावेशीच्या आतल्या एका बोळात त्यांचं घर होतं. खाली त्या आणि त्यांच्या दोन म्हशी, वर मी आणि माझी पुस्तकं. सगळा बोळ त्यांना अक्का म्हणायचा. त्यांच्याहून मोठे दिसणारे पेन्शनरसुद्धा. त्यांचं खरं नाव मी फक्त लाइट बिलावर वाचलं. ते इथं लिहिलं तर त्यांना आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. माहेर त्यांचं गडहिंग्लजच्या पलीकडं, अगदी सीमेला खेटून. त्यामुळं रागावल्या की कन्नड, लाड आला की कन्नड आणि मधल्या सगळ्या वेळी खणखणीत कोल्हापुरी. "मी आलो गं, दूध तापवून ठेवलोय," असं त्या पहिल्या सकाळी जिन्यातून ओरडल्या तेव्हा कोण पुरुष आला म्हणून मी दार लावून घेतलं होतं. मी नाशिककडची. इथल्या बायका 'आलो, गेलो' म्हणतात हे मला अंगवळणी पडायला महिना लागला.

अक्कांच्या आयुष्यात कुठलीही वस्तू तिचं वय विचारल्याशिवाय घरात येत नसे. बिस्किटाचा पुडा, काडेपेटी, साबण, खोकल्याचं औषध. डोळ्यांना चष्मा असूनही त्या बारीक छपाई दुकानदाराकडूनच मोठ्यानं वाचून घ्यायच्या, कारण तो खोटं बोलला तर त्याच्या आवाजावरून कळतं असं त्यांचं म्हणणं होतं. कोथिंबीरवाल्याला "कवा उपटली?" हा प्रश्न ठरलेला. तो "सकाळी" म्हणाला की "किती वाजता?" हा दुसरा. दवाखान्यात डॉक्टरांनी जीभ दाखवा म्हटलं, तर अक्कांनी आधी भिंतीवरच्या सर्टिफिकेटकडं बोट दाखवून विचारलं, "ते किती वर्सांचं हाय?" पंधरा, म्हटल्यावर मगच जीभ बाहेर आली. छत्रीवर तारीख छापलेली नसते, म्हणून अक्कांनी आयुष्यात छत्री घेतली नाही. पावसात त्या पोत्याची खोळ घेऊन हिंडायच्या.

त्यांचं स्वतःचं वय कुणी विचारलं की म्हणायच्या, "मोजायला टाइम कुठं गावतोय?"

वयानंतर अंगठा. गादीवाला, आंबेवाला, भाकरीचं पीठ, सगळ्यांची परीक्षा उजव्या हाताच्या अंगठ्यानं. तो अंगठा तीस-चाळीस वर्षं म्हशींच्या कासेला लागून चपटा आणि रुंद झाला होता. त्यानं दाबलेली वस्तू काहीतरी लपवून ठेवेल असं मलाही वाटत नसे.

कोल्हापुरात आल्यावर वर्षभरानं मी एक जुनी छोटी गाडी घेतली. गगनबावड्याच्या वाटेवरल्या एका गावात ज्युनिअर कॉलेजला मी फिजिक्स शिकवायचे. तासिका तत्त्वावर. म्हणजे तास झाला तर पगार, आणि पगार आला तर आला. एसटीच्या वेळा आणि माझे तास कधी जुळायचे नाहीत. म्हणून एका सहकाऱ्याची गाडी घेतली. मूळची पांढरी, पण माझ्याकडं येईपर्यंत दह्याच्या रंगाची झालेली.

"किती वर्सांची?" बोळाच्या तोंडाशीच अक्का उभ्या होत्या.

"अकरा."

"अकरा वर्सांची म्हस तरी कोन घेतंय काय?" असं म्हणून त्या आत गेल्या. मला वाटलं रागावल्या. पण कुंकू, हळद आणि पाण्याचा तांब्या घेऊन परत आल्या. त्या दिवसापासून गाडी त्यांच्या हिशेबी गोठ्यातली तिसरी म्हैस झाली. सकाळी म्हशी धुतल्या की उरलेलं पाणी गाडीवर. बेंदराला, म्हणजे इथल्या बैलपोळ्याला, म्हशींची शिंगं रंगवली आणि उरलेला हिंगूळ घेऊन त्या गाडीभोवती फिरायला लागल्या. "हिची शिंगं कुठं हाईत?" मी म्हटलं, गाडीला शिंगं नसतात, हॉर्न असतो. "मग तेच की," म्हणून त्यांनी बॉनेट उघडायला लावलं आणि हॉर्नला रंग दिला. आरशांना दोन्ही बाजूंनी लोकरीचे गोंडे बांधले. त्या दिवशी कॉलेजच्या आवारात मी उतरले तेव्हा बारावी सायन्सच्या सगळ्या वर्गानं उभं राहून टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या वर्षी अक्कांनी एक म्हैस विकली. गुडघे साथ देत नव्हते, आणि शेजारी नवीन झालेल्या बिल्डिंगमधले लोक शेणाच्या वासावरून रोज नाकं मुरडत होते. पुढच्या एप्रिलमध्ये दुसरीही गेली. ती गेली त्या दिवशी अक्कांनी गोठा धुतला. दुसऱ्या दिवशी परत धुतला. दुपारी चारला, धारेच्या वेळेला, त्या गोठ्याच्या उंबऱ्यावर जाऊन उभ्या राहायच्या आणि थोड्या वेळानं स्वच्छ असलेला गोठा पुन्हा धुवायच्या. पाण्याच्या आवाजानं मला कळायचं की चार वाजले.

त्याच महिन्यात माझी गाडी घसरली.

आदल्या संध्याकाळी वळीव पडून गेला होता आणि शेतातून बाहेर पडलेल्या ट्रॅक्टरांनी रस्त्यावर चिखल आणला होता. समोरून कुत्रं आडवं आलं, मी ब्रेक दाबला, आणि गाडीनं माझं काहीएक न ऐकता सावकाश, अगदी आरामात, रस्ता सोडून उसात नाक घातलं. कुत्रं थांबून बघत होतं. मला काही झालं नाही, उसाला काही झालं नाही. पण त्या दिवशी मी पहिला तास बुडवून आधी टायर दाखवायला गेले.

कॉलेजसमोरच्या पंक्चरवाल्यानं वाकून टायर बघितले. पुढच्या दोन्हीवरून हात फिरवला आणि मला म्हणाला, "म्याडम, ह्यावर नक्षी कुठाय? हे टायर न्हाईत, हे गोटे हाईत. मागची दोन अजून काढतील वर्सभर. पर ही दोन बदलल्याबिगर पावसात ह्या रोडला येऊ नका."

गगनबावड्याचा पाऊस म्हणजे साधा पाऊस नव्हे. तो सुरू झाला की ऑक्टोबरपर्यंत रस्ता कोरडा होत नाही. म्हणजे मे संपायच्या आत टायर हवे होते, आणि माझा मार्चचा पगार अजून यायचा होता. स्टाफरूममध्ये मी सल्ला विचारला. केमिस्ट्रीचे सर म्हणाले, रिमोल्ड घ्या, निम्म्यात काम होतं. इतिहासाचे सर म्हणाले, भंगारवाल्याकडं वापरलेले छान मिळतात. गणिताचे सर म्हणाले, नोकरी सोडा, त्याहून स्वस्त काही नाही.

मी रिमोल्ड घ्यायचं ठरवलं. सुट्टीच्या दिवशी सकाळी गुपचूप जिना उतरले, तर अक्का खाली उंबऱ्यावरच.

"कुठं निघालीस?"

"शाहूपुरीला. गाडीचे टायर बघायला."

"कसलं?"

"स्वस्तातले," मी म्हणाले. "जुन्यावर नवीन रबर चढवलेले मिळतात."

अक्का उठल्या. आत गेल्या. दहा मिनिटांनी बाहेर आल्या त्या ठेवणीतली इरकल नेसून, कपाळाला भस्म लावून आणि चष्म्याची डबी कमरेला खोचून. जनावरांच्या बाजाराला जाताना त्या अशाच जायच्या, हे मला नंतर कळलं. "चल," म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.

पहिलं दुकान काचेचं, आत एसी, आणि टाय लावलेला एक हसतमुख विक्रेता. त्यानं आमच्या मागं दाराकडं बघितलं. "सर गाडी पार्क करतायत का?"

"कोन सर?" अक्का म्हणाल्या.

"म्हणजे, गाडी कोण..."

"गाडी हिची. टायर हिचा. सर बी हीच. दाव."

त्यानं दाखवायला सुरुवात केली. आधी एक रुंद, काळाकुळकुळीत टायर पुढं केला. आमच्या गाडीच्या मापाहून हा थोडा मोठा, पण बसतो, ग्रिप भारी, लूक भारी. अक्कांनी तो बघितला, मग बाहेर उभ्या गाडीकडं बघितलं. "हिला ह्यो घातला तर बापाचं पायताण घालून साळंत गेल्यागत दिसंल. हिच्या मापाचं दाव."

मग तो ऑफरवर आला. एका कोपऱ्यात टायरांची चळत होती, वर मोठी लाल पाटी. नवेकोरे, आमच्याच मापाचे, आणि किंमत ऐकून माझा जीव भांड्यात पडला. रिमोल्डच्या जवळपास! मी पर्स उघडणार इतक्यात अक्कांनी विचारलं, "वय किती ह्याचं?"

विक्रेता हसला. "अक्का, टायरला वय नसतं."

"असतंय की!" सोफ्यावर चहा पीत बसलेला एक जाडजूड ट्रकड्रायव्हर म्हणाला. कप खाली ठेवून तो उठला आणि टायरच्या अंगावरच्या लंबगोलात कोरलेल्या चार आकड्यांवर त्यानं बोट ठेवलं. "हे बघा. पयलं दोन म्हंजे वर्सातला कितवा आठवडा, फुडचं दोन म्हंजे साल. कंपनीतनं कवा भाईर पडला ते हिथं लिवल्यालं असतंय."

  अक्कांनी डबीतून चष्मा काढला, पदरानं पुसला, लावला आणि त्या टायरवर वाकल्या. मग माझ्याकडं वळल्या. डोळ्यांत नुसता उजेड.

"पोटावर जलमतारीख?"

"हो."

"परत्येकाच्या?"

"परत्येकाच्या," ड्रायव्हर म्हणाला.

"आनि हे मला आजपातूर कुनी सांगितलं न्हाय," अक्का म्हणाल्या. तक्रार सगळ्या जगाबद्दल होती.

मग त्यांनी ती चळत उतरवायला लावली. प्रत्येक टायर विक्रेत्यानं वाचायचा, ड्रायव्हरनं तपासायचा. सगळे पाच वर्षांचे निघाले.

"पाच वर्सं कुठं हुता ह्यो?"

"गोडाऊनला होता, अक्का. वापरलेला नाही, नवाच आहे."

"बसून हुता म्हनून वय थांबलं व्हय? माझा दीर बी जलमभर बसूनच हुता. म्हातारा झालाच की!" त्यांनी अंगठा लावला. रबर दबेना. "वाळलाय ह्यो. भाकरी वाळल्यागत."

ड्रायव्हरनं मान डोलावली. पडून पडून रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकडत नाही, असं त्यानं मला समजावून सांगितलं. मी फिजिक्सची शिक्षिका. मान खाली घालून ऐकून घेतलं.

दुसरं दुकान रिमोल्डवाल्याचं. तिथं अक्कांनी आधी सगळी कृती समजून घेतली. जुन्या टायरची घासलेली पाठ काढायची, त्यावर नवी नक्षीदार पाठ चिकटवायची.

"म्हंजे म्हाताऱ्याच्या डोस्क्यावर केसांचा टोप."

दुकानदार दिलखुलास माणूस, पोट धरून हसला. "तसंच म्हना. ट्रकला लई चालतंय अक्का, त्येची जुनी अंगं दनकट असत्यात. पर ही बारकी गाडी, त्यात बाई मानूस एकटी, त्यात बावड्याचा रोड. मी माझ्या बहिणीला देनार न्हाय. म्हनून तुमाला बी देत न्हाय."

अक्कांनी त्याला तोंड भरून आशीर्वाद दिला आणि आम्ही बाहेर पडलो. मी रडकुंडीला आले होते. ऊन वर चढलेलं, पगार न आलेला, आणि शहाणपण तेवढं फुकट मिळत होतं.

तिसरं दुकान एका आतल्या गल्लीत होतं. पत्र्याचं छप्पर, बाहेर हवेचा पंप, आत स्टुलावर एक पूर्ण टक्कल पडलेला माणूस. अक्कांच्या कपाळावरचं भस्म बघून तो उठला आणि हात जोडून म्हणाला, "बर्री अव्वा, कुंदर्री."

या आई, बसा. माझ्या दृष्टीनं यात वाईट काही नव्हतं. त्यानं स्टूल पुसून पुढं केलं होतं. पण अक्का दारातच थांबल्या.

"अव्वा कोन?"

"तुमीच की."

"मी तुजी अव्वा? आरशात बघितलास काय कधी? तुला बघून मला माझा आज्जा आठवला!"

"अवो, मान दिला मी!"

"मान दिलास व्हय? टक्कल कुनाचं हाय, तुजं का माझं?"

पुढचं भांडण कन्नडमध्ये झालं. मला फक्त हात दिसत होते. शेवटी अक्का तरातरा निघाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. मी त्या माणसाची माफी मागितली. तो म्हणाला, "असू दे हो म्याडम. आमच्या गावाकडच्या हाईत, भस्म बघूनच वळखलं. तुमाला काय पायजे?"

मी सांगितलं. त्यानं बाहेर येऊन गाडीचं दार उघडलं, आतल्या बाजूच्या स्टिकरवरचं माप वाचलं, जुन्या टायरवरच्या मापाशी ताडून बघितलं. मग म्हणाला, "फॅन्सी न्हाय, साधं हाय. नाव मोठं न्हाय, पर कंपनी हिथलीच आनि माल ताजा हाय. मागच्या आठवड्यात आलाय." किंमत पहिल्या दुकानातल्या ऑफरपेक्षा थोडीच जास्त होती. दोन मला झेपत होते.

मागच्या सीटवरून सगळं ऐकू येत असूनही अक्का दुसऱ्या बाजूला तोंड करून बसल्या होत्या. मी खिडकीशी गेले. "अक्का, चला ना बघायला."

"मी न्हाय येत. तूच इचार, वय किती म्हनून."

त्यानं ते ऐकलं. तो आत गेला आणि एक टायर ढकलत ढकलत गाडीपर्यंत घेऊन आला. खिडकीसमोर तो उभा केला, चार आकडे वर येतील असा फिरवला, वरची धूळ स्वतःच्या सदऱ्यानं पुसली.

"बघा, अक्का," तो म्हणाला.

'अक्का' ऐकल्यावर मान वळली. चष्मा लागला. "अकरावा आठवडा. ह्याच सालचा." बोटांवर मोजून त्या म्हणाल्या, "म्हंजे शिमग्याचा."

"शिमग्याचा, अक्का."

"दुसरा?"

दुसरा आला. तो सत्ताविसाव्या आठवड्याचा, मागच्या साली बेंदराच्या सुमाराचा. हा नको. का नको? पावसाळ्यात केलेलं रबर ओलं राहतं. दुकानदारानं हात कपाळाला लावला. कंपनीत छप्पर असतं, रबर भट्टीत भाजतात, असं मीही सांगून बघितलं. "तू मुलांस्नी शिकव," अक्का म्हणाल्या. तिसरा निघाला दिवाळीतला. तोही नको, कारण कामगाराचं ध्यान सुट्टीकडं. चौथा पुन्हा शिमग्याचा निघाला तेव्हा आम्ही तिघांनीही सुटकेचा श्वास टाकला. अक्का गाडीतून उतरल्या, दोन्ही टायरांना अंगठा लावला आणि मान हलवली.

"ह्याला बसव. फुडं."

"फुडं न्हाय, अक्का. नवं दोन मागं बसवायचं. मागचं निम्मं झिजलेलं फुडं आनायचं, आनि गोटं फेकून द्याचं."

यावर भांडण होणार अशी माझी खात्री होती. मलाही वाटत होतं की नवीन पुढं हवेत, वळवायचं तर पुढच्या चाकांनी असतं.

"का?" अक्कांनी विचारलं.

"फुडं घसरलं तर गाडी सरळ जाती, ब्रेक मारून सावरता येतंय. मागं घसरलं की गाडी गर्रकन फिरती. मग कुनाच्या हातात ऱ्हात न्हाय."

अक्का विचारात पडल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "बरोबर हाय त्येचं. चिखलात म्हस कवा बी मागल्या पायावर पडती. फुडचा पाय घसरला तर गुडघ्यावर येती आनि उठती. बसव रं तम्मा, मागं बसव."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. टक्कल पडलेला तो साठीचा माणूस लाजून हसला आणि जॅक आणायला गेला.

जूनच्या शेवटी एके दिवशी अक्का म्हणाल्या, "मी बी येतो तुज्या कॉलेजात. टायर कसं चालत्यात बघाय पायजे." नवीन टायर मागं, म्हणून त्या मागच्याच सीटवर बसल्या, बरोबर मधोमध, वजन दोन्हीवर सारखं पडावं म्हणून. मी दोन तास घेईपर्यंत कॉलेजच्या शिपायाला त्याच्या छत्रीचं वय विचारत बसल्या.

परत येताना पाऊस धो धो लागला होता. कळे गावाच्या अलीकडं एका वळणावर उसाच्या पाणंदीतून म्हशींचा कळप एकदम रस्त्यावर आला. मी ब्रेक दाबला.  अक्कांचा हात मागून माझ्या खांद्यावर पडला आणि गच्च धरून राहिला. गाडी थोडी थरथरली आणि सरळ रेषेत थांबली. काचेपुढं हातभर अंतरावर एका म्हशीचं तोंड होतं. वायपर डावीकडून उजवीकडं जायचा, तशी तीही मान हलवत होती.

अक्का उतरल्या. मला वाटलं, आता गुराख्याचं काही खरं नाही. पण त्या आधी मागं गेल्या आणि पावसात वाकून दोन्ही टायरांवर थाप मारली. मग पुढं येऊन त्या म्हशीच्या कपाळावर, दोन शिंगांच्या मधे, खाजवायला लागल्या. म्हशीनं डोळे मिटले. बाकीचा कळप पलीकडं गेला तरी ही हलेना आणि अक्काही हलेनात. खोळ गाडीतच राहिली होती. इरकलचा पदर भिजून गळत होता.

"आजी, सोडा की तिला," गुराखी शेवटी म्हणाला.

'आजी' म्हटल्याबद्दल अक्का त्याला काहीच बोलल्या नाहीत. तेव्हा मी घाबरले.

अक्का मागच्या सीटवर मधोमध येऊन बसल्या आणि आम्ही निघालो. रंकाळ्याजवळ आल्यावर त्या म्हणाल्या, "चार वाजता काय करायचं असतंय गं मानसानं?"

 मी वायपरचा वेग वाढवला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता गोठ्यातून पाण्याचा आवाज आला नाही. मी खिडकीतून बघितलं तर अक्का चष्म्याची डबी कमरेला खोचून बोळाबाहेर पडत होत्या. संध्याकाळी आल्या त्या हात काळे करून. "तम्माच्या दुकानात गेलतो. समदं टायर उतरवून वयापरमानं लावून दिलो. खुळ्यानं थोरलं धाकटं एकात एक घातलं हुतं."

मग हे रोजचं झालं. चार ते सात अक्का शाहूपुरीत. आठवड्यानं तम्मांचा मला फोन आला. आवाज रडवेला होता. "म्याडम, अक्कांस्नी घरला न्ह्या. गिऱ्हाईक आलं की मी तोंड उघडायच्या आत ह्या वय सांगत्यात. काल एकजण दोन वर्सांचं टायर घेत हुता, त्याला म्हनाल्या, 'ह्यो नगं घेऊस बाबा, ह्यो आमचा पेन्शनर हाय.' निघून गेला की हो तो!"

मी अक्कांना समजावलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी चारला गेल्या. पंधरा दिवसांनी मीच फोन केला तर तम्मा घाईत होते. "नंतर बोलतो म्याडम, गर्दी हाय." एका गिऱ्हाइकानं दुसऱ्याला सांगितलं होतं की या गल्लीत एक म्हातारी आहे, ती शिळा माल विकूच देत नाही. पहिल्या दुकानात भेटलेला तो ट्रकड्रायव्हर आपली सगळी मित्रमंडळी घेऊन आला होता. श्रावणात तम्मांनी दुकानात दुसरी खुर्ची आणली. हाताची, गादीची. गादी अर्थात अक्कांनी अंगठा लावून पसंत केलेली.

दिवाळीनंतर माझा रखडलेला पगार एकदम आला. पुढचे दोन टायर बदलायचे होतेच. कॉलेज सुटल्यावर मी घरी न जाता थेट शाहूपुरीत गेले. तम्मा बाहेर हवा भरत होते. त्यांनी मला बघून नुसती भुवईनं आत खूण केली. आत गादीच्या खुर्चीत अक्का, समोर वही, कानाला चष्म्याची दोरी.

"या पावणं," त्या म्हणाल्या. "कुठली गाडी?"

"अक्का, मी आहे."

"गाडी कुठली म्हटलं."

मी गाडी सांगितली. त्यांनी माप विचारलं, मी माप सांगितलं. कुठल्या रोडला चालते, रोज किती जाते, कोण चालवतं, सगळं विचारून झालं. मी सगळं सांगितलं. माझ्यामागं आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि ती माझ्याकडं, ही बाई उगीच वेळ घालवते आहे, अशा नजरेनं बघत होती.

"आज मिळनार न्हाय," अक्का वही मिटून म्हणाल्या. "तुमच्या मापाची हाईत, पर शिळी हाईत. बेस्तरवारी गाडी येनार हाय. बेस्तरवारी या."

"गुरुवारी? अहो पण, मला उद्या..."

"फुडचं पावणं, या."

मी घरी आले. साडेसातला जिन्यात पावलं वाजली आणि अक्का दुधाचं भांडं घेऊन वर आल्या. दूध आता बाहेरून विकत यायचं. ते माझ्या टेबलावर ठेवून त्या खुर्चीत टेकल्या, पाय ताणले आणि गुडघे चोळत म्हणाल्या, "लई गिऱ्हाईक आज. एक म्याडम आलती. भारी घाई हुती बग तिला. मी सांगितलो, ताजा माल येऊ दे, तवर थांब म्हनून."

"मग?" मी विचारलं. "थांबणार आहे का ती?"

"थांबंल की," अक्का म्हणाल्या. "चेहऱ्यावरनं तर शानी वाटली."